सही आणि साक्ष

दुसऱ्याने केलेले काम तपासणीसाठी आपल्यापुढे यावे आणि ते योग्य असल्याची सही आपण करावी, हा व्यवहार रोजचाच. परंतु त्या सहीने आपण नेमके काय स्वीकारतो? काम चुकले तर दोष केवळ करणाऱ्याचा, की पाहणाऱ्याचाही? हा जुना नैतिक प्रश्न संगणकाच्या क्षेत्रातील एका लहानशा कामात फार स्पष्ट दिसतो; म्हणून त्याच उदाहरणाने त्याचा विचार करू.

डिस्कवर कोणती फाइल कोठे ठेवली आहे याची नोंद राखणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. अकस्मात वीज गेली अथवा डिस्क बिघडली, तर या नोंदी विस्कटतात. त्या पुन्हा जुळविण्यासाठी लिनक्स प्रणालीत 'ई२एफएससीके', 'एक्सएफएस रिपेअर' यांसारखे प्रोग्रॅम आहेत. एखाद्या कुटुंबाची सारी छायाचित्रे अशा एकाच डिस्कवर असतील, तर हा प्रोग्रॅम त्यांची अखेरची आशा असतो.

आता अडचण अशी, की संगणकातील संख्येला ठरावीकच जागा असते. ३२ बिटांच्या जागेत शून्यापासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच संख्या मावतात. त्यात एक मिळविला, की जुन्या स्कूटरच्या मीटरप्रमाणे पुन्हा शून्य! यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. 'या जागेपासून पुढे इतके खंड' अशी नोंद दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम वाचतो, तेव्हा त्या दोन्ही संख्या बिघडलेल्या डिस्कवरूनच आलेल्या असतात. त्यांची बेरीज मर्यादा ओलांडून लहान दिसू लागली, तर ती तपासणीतून सुखरूप सुटते, आणि प्रोग्रॅम भलत्याच जागी लिहू लागतो. जे वाचले असते, तेही मग दुरुस्तीच्याच हातून नष्ट होते. ही भीती काल्पनिक नाही. मुद्दाम बिघडविलेली फाइल सिस्टिम पुढे केल्यास 'ई२एफएससीके' स्मृतीत नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहितो, असा दोष २०१९ मध्ये उघडकीस आला व दुरुस्त झाला.

यावर उपाय म्हणून कोणी तपासणीची एक ओळ लिहितो : बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान निघाली, तर थांबावे. वाचताना ती निर्दोष वाटते. परंतु धन-ऋण संख्यांची बेरीज मर्यादेबाहेर गेल्यास काय व्हावे, हे सी भाषेचे नियम ठरवीतच नाहीत. त्यामुळे 'असे कधी घडणारच नाही' असे गृहीत धरून कंपायलर ती ओळ निरुपयोगी म्हणून गाळू शकतो. कागदावर पहारेकरी उभा, प्रत्यक्षात दार उघडे! योग्य रीत अशी, की बेरजेपूर्वीच मर्यादेतून पहिली संख्या वजा करावी आणि उरलेल्या जागेत दुसरी मावते का, हे विचारावे. पाऊल टाकण्याआधी विचारलेला प्रश्नच खरा प्रश्न. पडल्यानंतर त्या पडण्यालाच प्रश्न विचारून काय उपयोग?

अशी तीन-चार ओळींची सुधारणा परीक्षकापुढे येते. लिहिणारा अनुभवी असतो, बदल किरकोळ दिसतो. शंका विचारावी, तर आपलेच अज्ञान उघडे पडेल असे वाटते. 'त्याने पाहिलेच असेल' असे म्हणून सही करणे किती सोपे! परंतु लिहिणारा परीक्षकाच्या भरवशावर आणि परीक्षक लिहिणाऱ्याच्या भरवशावर राहिला, तर पाहिले कोणी?

यावर कोणी म्हणेल, की मनुष्याला सर्वच कसे दिसणार? आक्षेप खरा आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान ५' हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. १६ बिटांत न मावणारी संख्या तेथे कोंबली गेली होती. धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण होते. तीन विचारपूर्वक तसेच सोडले होते. तो विचार 'एरियान ४' च्या उड्डाणमार्गाला लागू होता, नव्या रॉकेटला नव्हे. जाणत्या माणसांची तपासणीही अपुरी पडते, ती अशी.

म्हणूनच लिनक्सच्या कर्नलची परीक्षकांविषयीची नियमावली मला मननीय वाटते. 'परीक्षण केले' असे नाव देणारा तीत सांगतो, की मी हा बदल तपासला, माझ्या शंका लेखकाला कळविल्या आणि त्याच्या उत्तरांनी माझे समाधान झाले. मात्र तो निर्दोष चालेलच, अशी हमी मी देत नाही. हमी आणि साक्ष यांतील भेद येथे नेमका सापडतो. भविष्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि ती न देण्यात पाप नाही. परंतु 'मी पाहिले' ही साक्ष आपल्या हातची आहे. न पाहता ती देणे म्हणजे खोटी साक्ष. मग काम सुदैवाने बरोबर निघाले, तरीही.

म्हणून पाहणाऱ्याचा दोष कामाच्या यशापयशावरून मोजता येणार नाही. लेखकाला शंका विचारणे हा त्याच्यावरील अविश्वास नव्हे. ज्याला आपण कधी भेटणारही नाही, अशा कोणाच्या तरी अखेरच्या आशेची ती राखण आहे. जे समजले नाही, तेथे 'मला समजले नाही' एवढेच लिहून सही रोखून धरणे, यातच परीक्षकाचा प्रामाणिकपणा आहे.