तीन बियांची साक्ष

प्राथमिक शाळेच्या विज्ञानात बीजांकुरणाचा एक प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एका पट्टीवर घेवड्याच्या तीन बिया अंतराअंतराने बांधून ती पट्टी पाण्याच्या भांड्यात अशी उभी करायची की वरची बी कोरडी राहील, मधली पाण्याच्या पातळीवर येईल आणि खालची पूर्ण बुडेल. आणि काही दिवसांनी मधलीला चांगला मोड आलेला पाहून, अंकुरणास हवा व पाणी या दोहोंची आवश्यकता असते, असे अनुमान वहीत उतरवून घ्यायचे. प्रयोग सुंदर आहे आणि अनुमानही खरे आहे. परंतु ते अनुमान या तीन बियांच्या साक्षीने सिद्ध झाले काय, हा प्रश्न मुलांपुढे सहसा ठेवला जात नाही, आणि जोवर तो ठेवला जात नाही तोवर मुलाने प्रयोग पाहिला असे म्हणता येईल, विज्ञान शिकले असे म्हणवत नाही.

खालची बी मुळातच किडकी असली तर? प्रत्येक स्थितीत एकेकच बी असताना, ती हवेवाचून रुजली नाही की तिच्यात रुजण्याचे सामर्थ्यच नव्हते, याचा निर्णय कशाच्या आधारे करायचा? बांधलेल्या दोऱ्यातून पाणी चढून वरच्या बीला ओल पोचली नसेल कशावरून? हे प्रश्न चौथीतल्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती पाहणारा शेतकरी एका दाण्यावर विसंबत नाही. तो शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आणि त्यांतले सत्तर वा अधिक उगवले तरच ते बियाणे पेरण्याजोगे मानतो. त्याच्या मुलाला शाळेत मात्र एका बीवरून सिद्धान्त मान्य करावा लागतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की, ज्याची बी अपेक्षेप्रमाणे वागली नाही तो मुलगा शेजाऱ्याच्या वहीतून ‘बरोबर’ निरीक्षण उतरवून घेतो आणि त्या वहीवर तपासणीचा अनुकूल शेराही पडतो. निरीक्षणाशी बेइमानी करण्याचा हा शिरस्ता इतक्या लहान वयात अंगवळणी पडावा, याचे मला अतिशय दुःख वाटते.

पुराव्याचे मूल्यमापन म्हणजे केवळ दोष काढणे नव्हे. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या वैद्याने दोनशे पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावून त्याला पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड सुमारे 169 पौंडांचे झाले आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. यावरून झाड सर्वस्वी पाण्यातूनच घडते, असे त्याने ठरवले. झाडाचे वजन मातीतून आले नाही, हे त्याच्या तराजूने निःसंशय दाखवले. पण हवेचा विचारच न झाल्यामुळे ‘सर्वस्वी पाण्यातून’ हा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे गेला. कोणते विधान पुराव्याने पेलले आणि कोणते नाही, एवढी निवड करता येणे, हेच मुलाला शिकवायचे आहे.

इतक्या कोवळ्या वयात अशी चिकित्सा शिकवली तर गुरुजनांविषयीचा आदर कमी होईल, अशी शंका काही सज्जन घेतात. परंतु येथे परीक्षा व्यक्तीची नसून पुराव्याची असते, आणि जो शिक्षक स्वतःचाच प्रयोग वर्गापुढे ठेवून “यात काय राहून गेले?” असे विचारतो, त्याच्याविषयीचा आदर वाढलेलाच मी पाहिला आहे.

यासाठी निराळ्या उपकरणांची गरज नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या बिया, रुजलेल्या आणि न रुजलेल्याही, एकाच तक्त्यात मांडल्या तरी पुष्कळ साधेल. बदल हवा आहे तो परीक्षेत, कारण जे विचारले जाते तेच आपल्याकडे शिकवले जाते. ‘प्रयोगाची कृती लिहा’ याऐवजी प्रश्नपत्रिकेत असे विचारावे: एका मुलीने एक कुंडी उन्हात आणि दुसरी खोलीत ठेवली, पण उन्हातल्या कुंडीला पाणी दुप्पट घातले, यावरून उन्हाचा परिणाम कळेल काय, आणि कळत नसेल तर तिने काय बदलावे?