भलेपणाचा वेग



स्वीडिश भाषेत ‘स्नेल’ असे एक विशेषण आहे. अर्थ मायाळू, भला. आपल्या ‘चांगला’सारखेच ते नामाप्रमाणे बदलते : भला माणूस ‘स्नेल’, भले मूल ‘स्नेल्ट’, भली मुले ‘स्नेला’. विनवणी करतानाही ते लोक ‘स्नेला’च म्हणतात.

पण या शब्दाचा जुना अर्थ होता ‘चपळ’. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ ‘श्नेल’ आजही ‘वेगवान’ याच अर्थाने वापरतात. स्वीडिशमध्ये तो अर्थ जलद आगगाडीच्या ‘स्नेलटोग’ या नावात उरला आहे.

मग भलेपणाला वेग लागतो का? घाई नव्हे, पण तत्परता लागते. संत थॉमस अक्वायनस सांगतात, सद्गुण अंगी मुरला की सत्कृत्य तत्परतेने आणि आनंदाने घडते. पवित्र मरियाही अलिशिबेकडे लगबगीने निघाली (लूक १:३९).

एका आजारी आजींना मी ‘रविवारनंतर येतो’ म्हणालो होतो. रविवारनंतर गेलो, तो त्यांच्या दफनविधीसाठी. हेतू भला होता, पाय जड होते. ‘नंतर’ म्हणणारे भलेपण अर्धेच असते, हे मी त्या दिवशी शिकलो.

तुमचे कोणाकडे जायचे राहिले आहे? मिस्सानंतर आजच जा. प्रभू तुमच्याबरोबर असो.

– तुमचा धर्मगुरू