कबुली की माहिती?

एका देशातून दुसऱ्या देशात कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या माणसाची जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यात डॉक्टर आणि तपासला जाणारा माणूस यांचे नाते नेहमीच्या दवाखान्यातील नात्याहून मुळातच वेगळे असते. दवाखान्यात रुग्ण आपले दुखणे सांगतो ते बरे होण्यासाठी, आणि सांगितलेले तिथेच राहील हा विश्वास त्या सांगण्याच्या मुळाशी असतो. स्थलांतराच्या तपासणीत डॉक्टर हा त्या परक्या देशाच्या शासनासाठी काम करत असतो, त्याची फी अर्जदाराने भरली तरी त्याचा अहवाल शासनाकडे जातो, आणि त्या अहवालातील एखाद्या नोंदीवर अर्जदाराची, पुष्कळदा त्याच्या कुटुंबाचीही, पुढची वाट अवलंबून असते. क्षयरोगाचे डाग क्ष-किरणांत दिसतात, रक्तातील दोष प्रयोगशाळेत कळतो, तिथे अर्जदाराच्या शब्दाला फारसे काम नसते. पूर्वी कधी नैराश्यावर औषधे घेतली होती काय, मनोरुग्णालयात राहावे लागले होते काय, स्वतःचे आयुष्य संपवण्याचा प्रयत्न झाला होता काय, हे मात्र माणसाने स्वतः सांगावे लागते. म्हणून सांगावे की न सांगावे हा पेच या संपूर्ण तपासणीत मुख्यतः याच एका ठिकाणी उभा राहतो.

महाराष्ट्रातील कुटुंबांना हा पेच बहुतेक वेळा अमेरिकेच्या निमित्ताने भेटतो. शिक्षणासाठी किंवा ठरावीक मुदतीच्या नोकरीसाठी जाणाऱ्यांना एरवी अशी तपासणी करावी लागत नाही. ती करावी लागते ती स्थायी वास्तव्याचा परवाना, म्हणजे लोकभाषेतील ग्रीन कार्ड, मिळवताना. जे इथून थेट त्या परवान्यावर जातात त्यांची तपासणी वकिलातीने नेमून दिलेले इथलेच डॉक्टर करतात आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत होते. जे आधीच अमेरिकेत नोकरी करत आहेत त्यांची तपासणी तिथले ‘सिव्हिल सर्जन’ करतात. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाने जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख उभा राहतो, पण अमेरिकेत त्याचा अर्थ स्थलांतरितांच्या तपासणीसाठी शासनाने अधिकृत केलेला कोणताही खासगी डॉक्टर एवढाच आहे.

आजचा अमेरिकन कायदा या बाबतीत नेमके काय विचारतो, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेक भीती त्याच्या चुकीच्या वाचनातून जन्मते. मानसिक आजार असणे हे प्रवेश नाकारण्याचे कारण म्हणून कायद्यात दिलेले नाही. त्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: आजार, आणि त्या आजाराशी जोडलेले असे वर्तन की ज्यामुळे स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेला, कल्याणाला किंवा मालमत्तेला धोका पोहोचतो किंवा पूर्वी पोहोचला आहे. वर्तन भूतकाळातले असेल तर ते पुन्हा घडण्याचा संभव आहे काय, हेही डॉक्टरने ठरवायचे असते. या कसोटीत जो अडकतो त्याची नोंद ‘क्लास ए’ अशी होते आणि तीच प्रवेशाच्या आड येते. आजार लक्षणीय आहे पण असे वर्तन नाही, अशी स्थिती असेल तर नोंद ‘क्लास बी’ होते, आणि ती प्रवेश अडवत नाही. बाळंतपणानंतरचे नैराश्य, परीक्षेच्या वर्षात घेतलेले समुपदेशन, चिंतेसाठी नियमित चालू असलेली गोळी, यांपैकी कशानेही स्वतःहून दार बंद होत नाही. तात्पुरत्या व्हिसाच्या अर्जातही प्रश्न असतो तो धोका निर्माण करणाऱ्या विकाराबद्दल; मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी गेला होता काय, असे तिथे विचारलेले नसते. उलट दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल झालेली अटक, जिला अनेक घरांत तरुणपणाची चूक म्हणून बाजूला सारले जाते, ती या कसोटीत नैराश्यापेक्षा कितीतरी गंभीर धरली जाते, कारण तिथे घातक वर्तन प्रत्यक्ष नोंदलेले असते.

कायद्याचे शब्द इतके स्पष्ट असताना माणसे घाबरतात ती अज्ञानाने, असे म्हणून हा विषय संपवणे अन्यायाचे होईल. या भीतीला इतिहास आहे, आणि तो खरा आहे. १८८२च्या अमेरिकन कायद्याने गुन्हेगारांच्या जोडीने ‘वेड्यां’ना बंदरावर अडवण्याची तरतूद केली. १८९१मध्ये वैद्यकीय तपासणी आली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेट उघडले. तिथे जिना चढणाऱ्या माणसांकडे डॉक्टर काही क्षण पाहत आणि ज्याच्या मनाविषयी शंका येई त्याच्या कोटावर खडूने फुलीची खूण करत. भाषा न येणाऱ्यांची बुद्धी जोखण्यासाठी हॉवर्ड नॉक्स या डॉक्टरने लाकडी तुकड्यांची कोडी वापरात आणली. या काळातील कायदे आजाराच्या वर्तमानावर थांबले नाहीत. १९०३च्या कायद्याने मागील पाच वर्षांत ज्याला वेडाचा विकार झाला होता, किंवा आयुष्यात केव्हाही ज्याला त्याचे दोन झटके येऊन गेले होते, अशा माणसाला अपात्र ठरवले, आणि अपस्माराच्या रुग्णांनाही त्याच यादीत बसवले. १९१७मध्ये दोन झटक्यांची अट एकावर आली: आयुष्यात केव्हाही, एकदा. त्याच कायद्याने आशियातील फार मोठा प्रदेश निषिद्ध ठरवून भारतीयांनाही दार बंद केले. मनाच्या संशयावरून आणि वंशाच्या संशयावरून माणसे गाळणारी चाळणी एकाच कायद्याने एकाच वेळी विणली होती, ही गोष्ट आज तिथे राहणाऱ्या भारतीयांनी विसरू नये.

भारतीयांसाठी दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५च्या कायद्याने, आणि मराठी डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक यांची पहिली मोठी पिढी त्याच दाराने गेली. पण १९५२च्या मूळ कायद्यातील ‘वेडाचा एक किंवा अधिक झटका’ ही अपात्रता तशीच राहिली होती. १९६५च्या दुरुस्तीने अपस्मार यादीतून काढला खरा, परंतु ‘लैंगिक विकृती’ हा नवा शब्द तिच्यात घातला, आणि दोनच वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनडातून आलेल्या एका पुरुषाला केवळ समलिंगी असल्यामुळे देशाबाहेर काढणे वैध ठरवले. तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३मध्ये समलैंगिकता विकारांच्या सूचीतून काढून टाकली, तरी कायद्यातून तो शब्द जाण्यास १९९० साल उजाडावे लागले. आजची वर्तनाची कसोटीही त्याच १९९०च्या कायद्याने आणली. याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. १९६५ ते १९९० या पंचवीस वर्षांत जी माणसे तिकडे स्थायिक झाली त्यांच्यासमोर पूर्वीचा आजार हाच खरोखर अडसर होता. तीच पिढी पुढे भाच्यापुतण्यांना, सुनेला, मागाहून बोलावलेल्या आईवडिलांना ‘तिथे काही बोलू नका’ असे सांगत आली असेल, तर तो सल्ला त्या पिढीच्या काळात निराधार नव्हता. कायदा बदलला, सल्ला मात्र घरात राहून गेला.

त्या सल्ल्याला मराठी घरातील जुन्या सवयीची साथ मिळाली. ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’ हे वाक्प्रयोग ज्या समाजात थट्टा म्हणून सहज वापरले जातात, तिथे त्या गावांतील मनोरुग्णालयांची पायरी चढलेला माणूस ते आयुष्यभर लपवतो यात नवल नाही. स्थळ पाहताना मुलाची किंवा मुलीची औषधे कपाटात जातात. घराण्यात कुणाला ‘तसे’ काही नाही ना, ही चौकशी दबक्या आवाजात होते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने वेडाबरोबर अपस्मारही विवाहाच्या आड येणारी बाब म्हणून लिहिला गेला, आणि तो शब्द १९९९पर्यंत तिथे होता. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला तपासणीतील प्रश्न हा प्रश्न वाटतच नाही, तो आरोप वाटतो. मराठीत अशा सांगण्याला सहज ‘कबुली’ म्हटले जाते, आणि कबुली गुन्ह्याची असते. मधुमेहाची कुणी कबुली देत नाही, मधुमेह असल्याची माहिती देतो. याच्या उलट उदाहरणही मराठी स्थलांतरितांमध्येच आहे. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनियाविषयी जाहीरपणे बोलणारी संस्था पुण्यात उभी केली, आणि याच आजारावरील ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट त्यांच्या पुढाकाराने २००४मध्ये आला.

लपवण्याची किंमत मात्र भावनेवर ठरत नाही, कायद्यावर ठरते. महत्त्वाची वस्तुस्थिती जाणूनबुजून चुकीची सांगणे ही अमेरिकन कायद्यात स्वतंत्र अपात्रता आहे, आणि ती कायमची आहे. सांगणे आणि लपवणे या दोन वाटांतील फरक पुरेसा बोलला जात नाही. ज्याने खरे सांगितले आणि तरीही ज्याची नोंद ‘क्लास ए’ झाली, त्याला सूट मागता येते. उपचार चालू राहतील अशा अटी घालून शासन ती देऊ शकते, आणि त्यासाठी अमेरिकेत कुणी नातलग असण्याची सक्ती नाही. ज्याच्यावर खोटे सांगितल्याचा ठपका बसला, त्याला सूट हवी असेल तर पती, पत्नी, आई किंवा वडील यांपैकी कुणी तिथले नागरिक किंवा स्थायी रहिवासी असावे लागते, आणि त्या व्यक्तीला अत्यंत हलाखी सोसावी लागेल हे सिद्ध करावे लागते. म्हणजे जो आजार सांगूनही कदाचित ‘क्लास बी’च्या पुढे गेला नसता, तो लपवल्यामुळे आजारापेक्षा मोठा अडथळा माणूस स्वतःच उभा करतो. त्याहून दुःखद गोष्ट अशी की काही माणसे तपासणी स्वच्छ जावी म्हणून महिनोन्‌महिने आधी गोळ्या बंद करतात आणि परक्या देशातला पहिला हिवाळा, एकटेपण, नव्या नोकरीचा ताण, हे सारे औषधाविना अंगावर घेतात.

एवढे म्हटल्यावर कायद्याची बाजू निर्दोष आहे असे समजू नये. वर्तनाच्या कसोटीत ‘स्वतःला’ हा शब्द आहे, आणि त्यामुळे आत्महत्येचा प्रयत्न दुसऱ्यावर केलेल्या हिंसेच्या रांगेत बसतो. हे चुकीचे आहे. ज्याने दुसऱ्याला जखमी केले आणि जो स्वतःच्या वेदनेने मृत्यूपर्यंत जाऊन परत आला, त्या दोघांना एकाच मोजपट्टीने ‘धोकादायक’ म्हणणे हा भाषेचाही आणि माणुसकीचाही अपमान आहे. भारताचा कायदा या बाबतीत पुढे गेला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ११५ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले; कलम ३ने तर पूर्वीचे उपचार किंवा रुग्णालयातील वास्तव्य एवढ्यावरून कुणालाही आज किंवा पुढे मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले. अमेरिकेच्या सीमेवर ही कसोटी किती जाचक ठरू शकते हे २०१३मध्ये दिसले, जेव्हा टोरांटोच्या एका महिलेला, ती फक्त प्रवासाला निघाली असताना, आदल्या वर्षी नैराश्यासाठी रुग्णालयात राहिल्याचे कारण देऊन परत पाठवण्यात आले. ऑन्टारिओच्या तत्कालीन माहिती व गोपनीयता आयुक्त ॲन कॅव्हुकियन यांनी २०१४मध्ये चौकशी केली तेव्हा काही पोलीस दले आत्महत्येच्या प्रयत्नांच्या नोंदी अशा राष्ट्रीय माहितीसंग्रहात भरत होती की ज्यापर्यंत अमेरिकन अधिकाऱ्यांचा हात पोहोचत होता, असे उघड झाले. माणूस स्वतः सांगतो ती माहिती आणि त्याच्या नकळत सीमेपलीकडे गेलेली माहिती, या दोहोंना एकच नैतिक वजन देता येणार नाही.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांची तपासणी अमेरिकेपेक्षा वेगळा हिशेब मांडते. तिथे सार्वजनिक सुरक्षेचा विचार होतो, पण मुख्य भर अर्जदाराच्या उपचाराचा भार सार्वजनिक आरोग्यसेवेवर किती पडेल यावर असतो; कॅनडाने हा भार मोजण्याची मर्यादा २०१८मध्ये तिप्पट केल्यामुळे साध्या औषधांवर स्थिर असलेल्या माणसाला तिथे फारसे भिण्याचे कारण उरलेले नाही.

राहतो तो व्यवहाराचा भाग, आणि त्यात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरचे पत्र. तपासणी करणारा डॉक्टर अर्जदाराला बहुधा एकदाच भेटतो. दहा मिनिटांत त्याला जे कळणार नाही ते वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यावे लागते. निदान कोणते, उपचार केव्हा सुरू झाले, कोणते औषध किती मात्रेत चालू आहे, स्थिती किती काळ स्थिर आहे, स्वतःला किंवा इतरांना इजा होईल असे वर्तन कधी घडले काय, आणि घडले असल्यास ते पुन्हा घडेल असे वाटते काय, एवढ्या प्रश्नांची तारखांसह सरळ उत्तरे त्या पत्रात हवीत. आपल्याकडे अशा उपचारांच्या नोंदी पुष्कळदा रुग्णाच्याच घरी, प्लास्टिकच्या फाइलमध्ये असतात, आणि लग्न ठरताना किंवा घर बदलताना त्या मुद्दाम फाडून टाकल्या जातात. तरीही २०१७च्या अधिनियमाने आपल्या नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे आणि त्या त्याच्या संमतीवाचून इतरांना न देण्याचे बंधन डॉक्टरवर घातले आहे. दहा वर्षांपूर्वी ज्या दवाखान्यात जाणे सोडले तिथे परत जाऊन कागद मागणे अनेकांना प्रवासाच्या सगळ्या तयारीपेक्षा जड जाते. तिथे एकट्याने जाऊ नये, घरातल्या कुणीतरी बरोबर जावे. ज्या गोळीमुळे माणूस आज स्थिर आहे ती तपासणीच्या आठवड्यातही चुकवू नये, आणि चालू औषधांच्या यादीत तिचे नाव रक्तदाबाच्या गोळीच्या खालच्याच ओळीवर, तितक्याच ठळक अक्षरात लिहावे.