देवराईतल्या पाच तासिका

पर्यावरणाचा पेपर माझ्याकडे आला तो वेळापत्रकामुळे. मी मराठी शिकवते. त्या वर्षी माझे तास कमी भरत होते, आणि नवा सक्तीचा विषय कुणीतरी घ्यायलाच हवा होता.

या सक्तीमागे न्यायालयाचा आदेश होता. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये सांगितलं, की शाळा-कॉलेजांत पर्यावरण सक्तीने शिकवा. आदेश वर्गापर्यंत पोचायला एक तप गेलं. २००३-०४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी लिहिलं. ते पेशाने शल्यविशारद. शस्त्रक्रिया करणारा माणूस जंगलाविषयी लिहू शकतो, तर मराठीच्या बाईने ते शिकवायला काय हरकत आहे, असा धीर मी त्यातून घेतला.

अभ्यासक्रमात आठ घटक आणि पन्नास तासिका होत्या. पहिले सात घटक वर्गात शिकवायचे, पंचेचाळीस तासिकांत. आठवा घटक क्षेत्रकार्याचा, त्याला पाच तासिका. पर्यावरणीय नीतिमूल्यं सामाजिक प्रश्नांच्या घटकात, एका ओळीत. माझ्या मनातली वाटणीही तेव्हा तशीच होती. काय बिघडलंय ते विज्ञान सांगणार, नीट वागा असं धर्म सांगणार, आणि कविता-कथा या दोहोंना थोडी ओल देणार. दोन वर्षं मी त्याच वाटणीने शिकवलं. मुलं पासही झाली.

तिसऱ्या वर्षी त्या पाच तासिका एकत्र करून आम्ही मावळातल्या एका देवराईत गेलो. बीएस्सीच्या एका मुलीने खोडांचा घेर मोजायला टेप आणली होती. राईच्या तोंडाशी देवीची पूजा करणारे आजोबा बसले होते. म्हणाले, "पायातलं काढून या." मुलीने टेप दाखवून विचारलं, झाडाला गुंडाळली तर चालेल का? आजोबांनी टेप हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "मोजा. पान तोडू नका." मग ते बरोबरच चालले. मुलगी घेर सांगायची, आजोबा झाडाचं नाव सांगायचे आणि बीएचा एक मुलगा दोन्ही एकाच वहीत लिहायचा. निघताना त्याने विचारलं, "आजोबा, राई राखली कशापायी?" आजोबा म्हणाले, "देवीची हाये." थोडं थांबून म्हणाले, "आन खाली झरा हाये."

ही दोन कारणं एका दमात कशी आली, हे मला सुटेना. म्हणून मी वाचायला लागले.

देवरायांची नोंद इंग्रजी अमलातच झाली होती. हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक डिट्रिश ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याविषयी लिहिलं. पण ज्या वनखात्याची घडी त्यांनी बसवली, त्याच्या हिशेबात उभं झाड म्हणजे आधी लाकूड होतं. त्यापुढचा मोठा टप्पा गणिताच्या एका प्राध्यापकाने गाठला. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खोरी त्यांनी पायी पालथी घातली, देवींची ठाणी पाहिली, जुन्या वाटांवर सापडणारी गारगोटीची बारीक हत्यारं गोळा केली. १९६२ मध्ये आलेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त त्यांनी ही ठाणी आणि नांगराच्याही आधीच्या माणसांच्या वाटा एकमेकींना जोडून दाखवल्या. शेंदूर लावलेला दगड हा त्यांच्या लेखी इतिहासाचा कागद होता. दगडाची टिंगल करावी असं त्यांना वाटलं नाही, त्याच्यापुढे हात जोडावेत असंही नाही. त्यांनी तो वाचला. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे काम ओळखीचं वाटतं.

असंच वाचन इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये केलं. खांडववन जाळल्याची कथा आपण सगळे पराक्रमाची कथा म्हणून ऐकत आलो. जमिनीसाठी जंगल आणि त्यातले जीव, माणसांसकट, कसे संपवले गेले ते त्या कथेत बाईंनी पाहिलं. पुण्यात त्यांच्या शेजारी वाढलेला एक मुलगा पुढे हार्वर्डला जाऊन गणिती परिसरशास्त्र शिकला आणि १९७१ मध्ये परतला. तो मुलगा म्हणजे माधव गाडगीळ. त्यांच्या आणि रामचंद्र गुहा यांच्या १९९२ च्या 'धिस फिशर्ड लँड' या पुस्तकात खांडवदाह येतो, तो भारतातल्या जंगलांच्या इतिहासाचा एक प्रसंग म्हणून. मराठीतल्या एका ललित-वैचारिक पुस्तकाची सावली परिसरशास्त्राच्या ग्रंथावर पडलेली पाहून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

गाडगीळांनी परतल्यावर महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर पश्चिम घाटातल्या देवराया पायाखाली घातल्या. १९७६ मध्ये दोघांचा निबंध 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात आला. आजूबाजूच्या डोंगरांवरून नाहीशी झालेली झाडं आणि वेली या राईंच्या तुकड्यांत टिकून होत्या. गारंबीचा महावेल त्यातलाच, त्याची शेंग हातभर लांब. त्या दिवसांत श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी या दोघांना गाठलं, कारण त्यांची राई तोडीसाठी खुणावली गेली होती. गावकऱ्यांचं म्हणणं होतं, की राई गेली तर ओढा आटेल. ते वाचताना मला मावळातले आजोबा आठवले. देवी आणि झरा ही त्यांच्यासाठी दोन कारणं नव्हतीच. ती वेगळी केली होती मी, माझ्या घटकांप्रमाणे.

इथवर आल्यावर मला एक सुंदर गोष्ट सापडली आणि मी तिच्यात अडकले. देवाच्या धाकाने जंगल वाचलं, लोकांच्या श्रद्धेत विज्ञान दडलेलं होतं, असं मी वर्गात बरीच वर्षं मनापासून सांगत राहिले. ती गोष्ट अपुरी आहे हे मला एका विद्यार्थिनीने दाखवलं. ती रत्नागिरी जिल्ह्यातली. तिने प्रकल्पासाठी स्वतःच्या गावची राहाट घेतली. तिकडे देवराईला राहाट म्हणतात. जुनं देवस्थान उघड्यावर होतं, चिऱ्याच्या चौथऱ्यावर. मग जीर्णोद्धार ठरला. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी पाठवली, उरलेली रक्कम राहाटीतली झाडं विकून उभी केली. स्लॅब पडला, फरशी आली, समोर गाड्यांना जागा झाली. तिने लिहिलं होतं, की गावात देवाला मानणारी माणसं आधीपेक्षा वाढली आहेत.

तो प्रकल्प मी किती वेळा वाचला असेन. श्रद्धा कमी झाल्याने राया गेल्या, असं आपण सहज म्हणतो. इथे श्रद्धा वाढली होती आणि राई गेली होती. देव उघड्यावर होता तोवर राई हेच त्याचं घर होतं. त्याला छप्पर मिळालं आणि राईची गरज उरली नाही. तोडीआधी देवाला कौल लावला होता, आणि कौल मिळाला होता. मुलीने पुढचा प्रश्न विचारला होता: कौल लावताना समोर कोण बसतं? मानकऱ्यांची घरं कुठली, कुठल्या वाडीतल्या माणसांना त्या बैठकीत शब्द नसतो, बाया राहाटीत कुठवर जाऊ शकतात? याचं उत्तर घेर मोजून मिळत नाही. त्यासाठी गावचा इतिहास लागतो, जात लागते, बाईला बोलतं करण्याची हातोटी लागते.

धर्म आणि पर्यावरण यांच्या नात्याचा हा वाद जगभर वेगळ्या वाटेने गेला. मध्ययुगाचे अभ्यासक लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं, की आजच्या पर्यावरणसंकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. त्यावर धर्मशास्त्राच्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं. मी ते सगळं मुलांना सांगते. पण त्या वादात धर्म म्हणजे मुख्यतः ग्रंथ आणि त्याचा अर्थ. वाघजाईसारख्या राईतल्या देवीला ग्रंथ नाही. तिचं म्हणणं रिवाजात आहे, आणि रिवाज बदलला तर बोट ठेवायला ओळ सापडत नाही.

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे इथे भालांडेश्वराची कानळाची राई आहे. रानजायफळाच्या कुळातली, दलदलीत वाढणारी, श्वासासाठी मुळं चिखलाबाहेर काढणारी झाडं तिथे संशोधकांना सापडली. सगळी मिळून २.५९ हेक्टर जागा. २०२१ च्या सुरुवातीला तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई हीही अशीच दलदल, आणि अशीच देवाची. या झाडांचं मोल विज्ञानाने सांगितलं, कायद्याने त्यावर शिक्का मारला. पण विज्ञान तिथे पोचेपर्यंत त्या चिखलात कुऱ्हाड पडली नव्हती, ती देवामुळे. यातलं एक काढून दुसरं ठेवता येईल असं मला आता वाटत नाही.

आता मी पेपराची सुरुवात त्या पाच तासिकांपासून करते. गेल्या पावसाळ्यानंतर मावळातल्या त्याच राईत गेलो. आजोबा राहिले नाहीत, पूजा त्यांचा नातू करतो. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "बाई, मागं पोरांनी मोजलेलं आहे का तुमच्याकडं? मोजणी यायचीय म्हणतात. हद्दीची." जुनी वही मी बरोबर नेलीच होती. त्याने पानं उलटली. एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला त्याच्या आजोबांनी सांगितलेली झाडांची नावं. काही नावं त्यालाही ठाऊक नव्हती. तो एकेक नाव मोठ्याने वाचत गेला आणि मुलं ते झाड कुठलं ते शोधत राहिली.

वहीची प्रत काढून पाठवते म्हटलं. तो म्हणाला, आज राहू द्या माझ्याकडं. मग त्याने ती देवीपुढे ठेवली, कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवली.