शिकण्यासाठी जीव घ्यावा का?



आपल्या धर्मग्रामातून आता बरीच मुले-मुली डॉक्टर होण्यासाठी जातात. आधीच्या पिढीतील डॉक्टरांना विचारले, तर प्रयोगशाळेतला बेडूक त्यांना हमखास आठवतो. जिवंत बेडकाच्या डोक्यामागे सुई खुपसून त्याचा मेंदू व मज्जारज्जू निकामी करायचा. मग पोटरीचा स्नायू नसेसकट सोडवून नसेला विजेचा झटका द्यायचा, की काजळी धरलेल्या फिरत्या पिंपावर स्नायूच्या आकुंचनाची रेघ उमटे. औषधाने रक्तदाब कसा चढतो-उतरतो, हे भूल दिलेल्या कुत्र्यावर दाखवीत. हे पाप होते का?

ख्रिस्तसभा सरसकट 'हो' म्हणत नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार (परिच्छेद २४१७ व २४१८) रुग्णसेवेस किंवा माणसांचे प्राण वाचवण्यास हातभार लागत असेल, तर वाजवी मर्यादेत प्राण्यांवर प्रयोग करता येतात. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. आपण पहिली गोष्ट लक्षात ठेवतो. दुसरी सोयीने विसरतो.

सगळा प्रश्न या 'विनाकारण'चा आहे. नवे औषध शोधणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते. बेडकाची ती रेघ मात्र पाठ्यपुस्तकात आधीच छापलेली असते. छापलेले पुन्हा पाहण्यासाठी दरवर्षी, प्रत्येक वर्गात, जीव का घ्यावा? पुस्तके, नमुने, चित्रफिती यांनी भागत असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयांत प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलेच होते. तरी बेडूक पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले! पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत 'एक्सफार्म' हा संगणकावरचा कार्यक्रम तयार झाला, आणि २०१४ मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेने पदवीच्या शिक्षणासाठी संगणकीय प्रयोगांचा मार्ग धरला.

काही जुने शिक्षक म्हणतात, पडद्यावर पाहून हात तयार होत नाही. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या पोटावर सुरी चालवणाऱ्याचा हात शिकलेला असावा, असे आपल्यालाही वाटतेच. पण तो हात माणसाच्या देहावर अधिक चांगला शिकेल. मृतदेहातून रक्त वाहत नाही, हे खरे. ते ज्येष्ठांच्या हाताखाली शस्त्रक्रियागृहातच शिकावे लागते.

मग प्रश्न आपल्याच दारी येतो. बेडकाला कुणी विचारले नव्हते. आपण मात्र आपला देह स्वखुशीने देऊ शकतो. देहाचा मान राखला जाणार असेल व अवशेषांना शेवटी योग्य विसावा मिळणार असेल, तर देहदानाला ख्रिस्तसभेची हरकत नाही. ज्यांच्या मनात आहे त्यांनी घरच्यांशी आताच बोलावे, कारण त्या वेळी देह सोपवणे त्यांच्याच हाती असते.