ई-रीडर घेताना आपण नेमकं काय घेतो?

वाचक : ई-रीडर घेऊन निराश झालेले बरेच जण भेटतात. निवड करताना पडदा पाहावा की किंमत?

लेखक : पडद्याची काळजी फारशी नको. ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या भाराने वर-खाली होतात. एकदा उमटलेलं पान टिकवायला वीज लागत नाही आणि भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. निराशा होते ती आधी यंत्र निवडून पुस्तकांचा विचार मागाहून केल्यामुळे. जुनी मराठी पुस्तकं पुष्कळदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच मिळतात. असं पान म्हणजे छायाचित्रच. सहा इंची पडद्यावर ते आक्रसतं, अनुस्वार-रफार दिसेनासे होतात आणि मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइल-प्रकारात मात्र अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. तेव्हा आपल्याला हवी ती पुस्तकं कोणत्या रूपात मिळतात, हे आधी पाहावं.

वाचक : म्हणजे पीडीएफसाठी मोठा पडदा घेतला की झालं.

लेखक : त्याने वाचण्याची सोय होईल, मालकीचा प्रश्न उरेलच. जुलै 2009मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या ‘1984’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’च्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल या ई-रीडरमधून परस्पर काढून टाकल्या. त्या प्रती अ‍ॅमेझॉनवर विकायला ठेवणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरं. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण ‘1984’वर टिपणं काढणाऱ्या एका विद्यार्थ्याला कोर्टात जावं लागलं, कारण टिपणं उरली तरी ज्या मजकुरावर ती होती तोच गेला होता. 2019मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हाही पैसे परत आले आणि पुस्तकं गेली. अशा व्यवहारात आपण पुस्तक घेत नाही, वाचायचा परवाना घेतो.

वाचक : पण वाळवी कागदालाही लागते. शिवाय ग्रंथालयाचं पुस्तक परत करताना आपण कुठे कुरकुरतो?

लेखक : ग्रंथालय पुस्तक उसनं देतं आणि तसं सांगूनच देतं. इथे ‘विकत घ्या’ असं म्हणून परवाना हाती ठेवला जातो. वाळवी हा अपघात. दूरच्या कार्यालयात घेतलेला निर्णय अपघात नसतो. लेखकाचं पोट पुस्तकावर चालतं, म्हणून चोरी रोखायला फायलीला कुलूप लावलं जातं, हेही मान्य. पण त्या कुलपाची किल्ली प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्यालाही मिळत नाही, हा अन्याय आहे. एकदा वाचून विसरायच्या कादंबरीला परवाना पुरतो. कोश, अभ्यासग्रंथ, पुन्हा पुन्हा उघडायचं पुस्तक यांना पुरत नाही. ती कागदावर किंवा कुलूप नसलेल्या फाइलमध्येच घ्यावीत, आणि ई-रीडर असा निवडावा की कोणत्याही दुकानातली अशी फाइल त्यात उघडेल. मग यंत्र बिघडलं तर नवं घेता येईल, संग्रह मात्र आपलाच राहील.