चिकट बटण आणि ‘मूळ’ नावाची भानगड

घरात एखादा जुना माऊस, दुर्बीण किंवा छत्रीची मूठ शोधा. कधीकाळी ती मखमलीसारखी मऊ लागायची आणि आता बोटांना चिकटते? मग या लेखाचा विषय तुम्हाला आधीच माहीत आहे. फक्त तो जरा महागड्या जागीही घडतो. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे बरीच वर्षं निघालेल्या फेरारी आणि मासेराती गाड्यांच्या आतली बटणं, एसीच्या जाळ्या, दारांच्या मुठी कालांतराने चिकट होतात. हे इतकं सर्वज्ञात आहे की ती साफ करून देणं हा युरोप-अमेरिकेत काही जणांचा स्वतंत्र धंदा आहे.

कारण साधं आहे. प्लास्टिकवर मऊ स्पर्शासाठी पॉलियुरेथेनचा पातळ थर मारलेला असतो. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्या थरातल्या लांब रेणूंचे बंध तोडत राहतो. उष्णता असेल तर हे आणखी वेगाने होतं. शेवटी थर पाघळलेल्या गुळासारखा होतो. खालचं प्लास्टिक मात्र ठणठणीत असतं.

मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर लिहितो. पन्नाशीच्या एका सहकाऱ्यांकडे जुनी स्पोर्ट्स कार आहे. तिची बटणं साफ करायला मी दोन शनिवार त्यांच्या गॅरेजमध्ये होतो. काम कंटाळवाणं आणि म्हणूनच शांत. बॅटरीची तार काढायची, प्लास्टिकच्या पट्टीने बटण अलगद उचकटायचं, मायक्रोफायबरच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसत राहायचं. कोपऱ्यांसाठी कान साफ करायच्या काड्या. ॲसिटोन वापरायचं नाही, ते खालचं एबीएस प्लास्टिकच विरघळवतं. काळा चिखल निघत राहतो. जपायचं ते चिन्हाला. काही बटणांवर पंख्याचं किंवा काचेचं चिन्ह त्या थरावरच छापलेलं असतं, काहींवर थर कोरून काढलेलं असतं. थर गेला की चिन्हही गेलं.

पण खरा प्रश्न पुसून झाल्यावर येतो. आता काय? तीन वाटा आहेत. उघडं, टणक प्लास्टिक तसंच ठेवायचं. किंवा पुन्हा तोच मऊ थर द्यायचा, जो पुन्हा कधीतरी चिकटणारच. किंवा तसाच दिसणारा पण टणक, टिकाऊ मॅट रंग मारून चिन्हं नव्याने काढायची.

सहकाऱ्यांचा कल दुसऱ्या वाटेकडे होता. “गाडी अशीच बनवली होती, ती तशीच राहिली पाहिजे. मला सोयीचं वाटतं म्हणून बदलत गेलो, तर उद्या ती माझी गाडी होईल, त्यांची राहणार नाही.” हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजोबांचं घड्याळ वेळ चुकवतं म्हणून आपण त्यात नवी यंत्रणा बसवली, तर मनगटावर नक्की कोणाचं घड्याळ उरलं?

मग चिकटपणा तरी का काढायचा? तोही गाडीच्या वयाचाच भाग नाही का? ऑस्ट्रियन कलाइतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ साली जुन्या वास्तूंच्या संदर्भात ‘वयाचं मूल्य’ ही कल्पना मांडली : काळाच्या खुणांनाही स्वतःची किंमत असते. मला ती पटते. स्टिअरिंगचं चामडं हाताच्या घासण्याने गुळगुळीत होतं, त्यात कोणीतरी चालवलेले किलोमीटर असतात. पण चिकटपणा वापरातून आलेला नसतो. गाडी वीस वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवली तरी बटणं चिकटतात. त्या खुणेत कोणाचंच जगणं नाही. शिवाय बटण हे दाबण्यासाठी असतं, आणि ज्याला हात लावावासा वाटत नाही, त्याचं बटणपणच गेलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, ‘मूळ’ या शब्दात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक, जे बनवलं ते. दुसरी, जे बनवताना हवं होतं ते. बनवणाऱ्याला पॉलियुरेथेन हवं नव्हतं. बोटाला सुखावणारं, चिन्ह स्पष्ट दिसणारं बटण हवं होतं. पॉलियुरेथेन हे त्याचं त्या दिवशीचं उत्तर होतं. उत्तर फसलं असेल, तर प्रश्नाशी प्रामाणिक राहणं जास्त खरं. आमच्या धंद्यातही जुना कोड दुरुस्त करताना प्रत्येक ओळ जपत नाहीत. त्या ओळींनी जे काम करायचं होतं, ते जपतात.

यात धोका आहे, हे सहकाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. ‘त्यांना खरं तर हेच हवं होतं’ असं म्हणत माणूस काहीही बदलू शकतो. त्याला लगाम काय? रोमच्या सरकारी जीर्णोद्धार संस्थेचा पहिला संचालक चेझारे ब्रांदी याचं १९६३ चं पुस्तक इथे उपयोगी पडतं. चित्राचा गेलेला भाग भरावा, पण असा की लांबून चित्र अखंड दिसेल आणि जवळून पाहणाऱ्याला भर ओळखू येईल. शिवाय पुढच्या माणसाच्या कामात त्याची आडकाठी येऊ नये. म्हणजे दुरुस्ती करा, पण ती लपवू नका.

बटणांना हे लावलं तर नियम सोपे होतात. मूळ वस्तू स्वतःच्याच कामाच्या आड येत असेल तिथेच बदल करा, इंजिनाला हात लावायची हौस त्यात घुसडू नका. पुन्हा काढता येईल असाच रंग द्या. आणि काय केलं ते तारखेसह कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. आम्ही कोड बदलताना सोबत टीप लिहितो, तसंच. विकताना तो कागद दाखवला तर टणक मॅट बटण ही फसवणूक नाही. दाखवला नाही, तर अगदी हुबेहूब मऊ थरसुद्धा फसवणूकच.

सहकाऱ्यांनी मॅट रंग निवडला आणि कागदही लिहिला. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत आधीपासूनच होतं. तो मऊ थर शोरूममध्ये पहिल्यांदा हात लावणाऱ्याला जिंकण्यासाठी होता. विसाव्या वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने गाडी घेणारा तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर नसावा. आम्हीही डेमोच्या दिवशी छान चालेल असं बरंच काही बनवतो. ते पुढे ज्याच्या बोटांना चिकटतं, तो माणूस डेमोला हजर नसतो. त्याच्यासाठी खोलीत एक रिकामी खुर्ची ठेवायला हरकत नाही.